चहा, चाळीस कप

प्रति,
मा. अधिकारी महोदय, निवडणूक खर्च शाखा

विषय: कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर

(पहिला मसुदा. अनसूयाआत्या म्हणाली, राग आधी आपल्या भाषेत काढून घे, मग हिंदीत सभ्यपणा घालू. म्हणून हा मराठीत. कंसातलं हिंदीत जाणार नाही. कदाचित.)

मुद्दा १. दिनांक २९ डिसेंबरच्या ताळमेळ बैठकीत नेमके काय घडले?

आपण तिथेच होतात, महोदय. तरी विचारलंय, म्हणून सांगते.

उमेदवार आपला खर्च आपल्या वहीत लिहितो. आम्ही त्याच्या मागे फिरून आमच्या वहीत लिहितो. आमचा चित्रीकरणवाला सभा टिपतो, ती पाहून दुसरी माणसं खुर्च्या आणि डोकी मोजतात, मी त्यांना सरकारी दर लावते. निकालानंतर दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायच्या. मर्यादा चाळीस लाख. इतकं साधं काम आहे, आणि ते मी केलं.

१५ नोव्हेंबर. भाऊबीज, आणि प्रचाराचा शेवटचा दिवस. ग्वाल्हेरच्या हजीरा भागातल्या एका मैरिज गार्डनमध्ये एक हजार एकशे चाळीस बायकांनी उमेदवाराला ओवाळलं. प्रत्येकीच्या हातात एक स्टीलचा डबा आणि पोटात पुरी-भाजी-श्रीखंड. बसगाड्या, मांडव, भोंगे धरून माझ्या वहीत नोंद क्रमांक एकतीस: सहा लाख चौदा हजार तीनशे.

त्यांच्या वहीत तीच तारीख, तेच गार्डन: चहा, चाळीस कप, दर आठ रुपये. तीनशे वीस.

त्यांनी दाखवलेला एकूण खर्च छत्तीस लाख ब्याऐंशी हजार. माझी नोंद धरली तर बेचाळीस लाख शहाण्णव हजार. म्हणजे आमदारसाहेबांची आमदारकी त्या एकतीस नंबरच्या लिफाफ्यात होती.

लिफाफा आपणच फोडलात. डिस्क लावली. पडद्यावर डोकं तासलेला एक मुलगा, पाठमोरा, पाटावर बसलेला. शेजारून हिरव्या बांगड्यांचा एक हात येतो आणि त्याला घास भरवतो. चाळीस सेकंद. मग चित्र अडकलं.

आमदारसाहेबांचे निवडणूक प्रतिनिधी दिग्विजयसिंह माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, यात आमचे साहेब कुठले? तो टकला?"

सगळे हसले. आपणही हसलात. नोंद एकतीसवर लाल रेघ पडली: साक्ष्य उपलब्ध नहीं. आणि मग आपण म्हणालात, "ये तो मराठी लोगों का कोई फंक्शन है. तन्वी, तुम्हारे घर का है क्या?"

आठ दिवसांनी तेच वाक्य टाइप होऊन माझ्या हातात पडलं. पुरावा बदलल्याचा किंवा खोटी नोंद केल्याचा संशय. सात दिवसांत उत्तर. मी अजून परिवीक्षेवर आहे, म्हणजे मला काढायला चौकशीसुद्धा लागत नाही. एक ओळ पुरते.

मुद्दा २. सदर डिस्क कोणाच्या ताब्यात होती?

लोखंडी कपाटात. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी आमच्या लेखा पथकाचे प्रभारी सदाशिवराव यांच्याकडे.

(सदाशिवकाका. चौतीस वर्षं नोकरी. पहिल्या दिवशी मला रजिस्टरला नंबर कसे घालायचे हे त्यांनी शिकवलं. त्यांच्याबद्दल हे एवढंच लिहायचं होतं.)

डिस्क बनवली चित्रीकरणवाल्या ध्रुवने, त्याचं दुकान पडाव भागात आहे. आणि दिग्विजयसिंह नियमाप्रमाणे तीनदा आमची वही तपासायला आले. तिन्ही वेळा पुराव्याची फाइल त्यांच्या पुढ्यात होती, आणि एकदा मी फोटोकॉपीला गेले तेव्हा ते तिच्याजवळ एकटे होते.

म्हणजे चार माणसं. आपण नोटीस एकीलाच दिलीत.

(पुरवणी. इथून जादा कागद.)

लष्कर भागात आत्याच्या घरी गेले तेव्हा ती मटार सोलत होती. आत्या एजी, म्हणजे महालेखाकारांच्या ऑफिसात एकतीस वर्षं ऑडिटला होती. तिने नोटीस दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"कोणी घेतली ते सोड," ती म्हणाली. "आधी सांग, ज्याने घेतली त्याने लिफाफा रिकामा का नाही ठेवला?"

"कारण रोज संध्याकाळी मी प्रत्येक लिफाफा दाबून बघते. आत डिस्क लागली की यादीवर बरोबरची खूण."

"आणि हे कोणाला माहीत?"

"जो संध्याकाळी तिथे असतो त्याला. दिग्विजयसिंह तर दुपारीच यायचे."

"बरं. मग पंधरा रुपयांची कोरी डिस्क का नाही घातली? असला व्हिडिओ कोण घालतं?"

"त्याला ती कोरीच वाटली असेल. वर काही लिहिलेलं नव्हतं."

"म्हणजे बाजारातून आणली नाही. घरातली उचलली, घाईत." तिने शेंग बाजूला ठेवली. "ध्रुवकडे मुंजींच्या डिस्का पडलेल्याच असतील की."

मी म्हणाले, हो, त्याचाच तर धंदा. मला बरं वाटलं. ध्रुव असावा असं मला फार वाटत होतं.

आत्याने नोटिशीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'डिस्क पर लाल-पीला दाग पाया गया.'

"दाग," ती म्हणाली. "चार अधिकारी बसले होते ना गं तिथे? डाग कसला, हळदकुंकू आहे ते. नवी वस्तू घरात आली की बाई आधी बोट लावते, मग वापरते. फोटोवाला आपल्या मालाला असं करत बसेल? ही कोणाच्या तरी घरातली प्रत आहे. आईने जपलेली."

आमच्या घरी आम्ही दोघी बहिणी. आमच्या घरी मुंज झालेलीच नाही. हे आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आपल्याला त्याचा अर्थ लागला नसता.

ध्रुव सुटला. मला आनंद व्हायला हवा होता.

मुद्दा ३. मूळ डिस्क सध्या कोठे आहे?

हे मला विचारता? बरं.

दुसऱ्या दिवशी दिग्विजयसिंह स्वतः आमच्या दारात. बरोबर मिठाईचा खोका. आईने तो आत नेला नाही, चपलांच्या कप्प्यावर ठेवला.

"बेटा, तू आपल्यातली मुलगी," ते म्हणाले. निवडणुकीच्या दिवसांत ते मला 'ओ रजिस्टर' म्हणून हाक मारायचे. "लिहून टाक ना, मानवी भूल. डिस्का अदलाबदल झाल्या. नोटीस बंद, तू पक्की. मी बोलून घेतो वरती."

"आणि नोंद एकतीस?"

"ती तर कटलीच आहे. आता मेलेल्याला काय मारायचं?"

"काका, एक हजार एकशे चाळीस बायका होत्या."

"बहिणी होत्या. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी नाही टाकणार तर काय टाकणार? तू कल्चरवर रेट लावते का?"

"मग तुमच्या वहीत चहा का?"

ते हसले, पण जरा उशिरा. "सतरा तारखेपर्यंत शांत राहा. नंतर सगळं आपोआप बसतं."

सतरा जानेवारी. निकालापासून पंचेचाळीस दिवस. त्यानंतर निवडणुकीविरुद्ध याचिका करता येत नाही. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे यांना तुझी चूक नकोय. यांना तुझे सात दिवस हवेत."

ती उठून साडी बदलायला गेली. "चल. मराठी मंडळात जाऊ."

"मंडळात काय आहे?"

"पडद्याच्या कोपऱ्यात काय होतं?"

आपण नोटिशीबरोबर डिस्कची प्रत जोडली होतीत. ती आम्ही पुन्हा लावली. जुने कॅमेरे कोपऱ्यात तारीख छापायचे. ६ मे २००९. आपल्यापैकी कोणीतरी त्या दिवशी म्हणालंही होतं, बहुत पुराना है. तेवढ्यावरच थांबलात.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मुंज निघाली की ताटं-वाट्या, पाट, चौरंग मंडळातून येतात. शंभर माणसांची भांडी कोणाकडे असतात? आणि मंडळ भांडी देतं ते वहीत सही घेऊन, कारण १९९० च्या एका लग्नात सोळा वाट्या गेल्या आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. आत्या वाटेत सांगत होती. "खर्चाला दोन टोकं असतात. एक टोक कापता येतं. दुसऱ्या टोकाला कोणीतरी सही करून वाट्या नेलेल्या असतात."

मंडळाच्या कपाटातून २००९ ची वही निघाली. ६ मेच्या पानावर दोन मुंजी. एक कुटुंब, ज्यांचे तिघेही आता इंदूरला. त्यांनी फक्त पाट नेले होते. दुसरं: ताटं साठ, वाट्या एकशे वीस, चौरंग दोन. परत आल्या, वाटी एक कमी, दंड भरला. खाली सही.

ती सही मी रोज बघते, महोदय. आमच्या रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली आहे.

मी आत्याला म्हणाले, आपण घरी जाऊ. ती म्हणाली, घरीच जायचंय, त्यांच्या.

सदाशिवकाका ऑफिसला गेलेले होते. दार त्यांच्या पत्नी लीलाताईंनी उघडलं. त्यांच्या घरात फ्रिजला कुंकू आहे, कुकरला आहे, मीटरच्या पेटीला आहे. या घरात राहणाऱ्या माणसाला डिस्कवरचं कुंकू दिसणार कसं? रोज दिसणारी गोष्ट कोणालाच दिसत नाही.

आत्या कधीच आडून बोलत नाही, पण त्या दिवशी तिने नुसता फोन पुढे केला.

लीलाताईंनी चष्मा न लावता पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगं, हा आमचा गोविंद. हा माझा हात. मातृभोजन आहे हे. त्याला श्रीखंड नको होतं, वरणभातच पाहिजे म्हणत होता, म्हणून शेवटी मी..." त्यांनी चित्र पुन्हा सुरू केलं. "कुठे मिळाली? महिना झाला शोधतेय मी. टीव्हीच्या खालच्या कप्प्यात होती. यांना विचारलं तर म्हणे, तूच कुठे तरी ठेवली असशील."

आत्याने फोन हळूच परत घेतला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या नोटिशीकडे. त्यांनी ती मागितली. हिंदी त्या सावकाश वाचतात. त्या वाचत असताना कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि त्या उठल्या नाहीत.

"हिची नोकरी जाईल?" त्यांनी आत्याला विचारलं.

"जाईल."

"आणि मी म्हटलं की ही आमची आहे, तर यांची?"

आत्या म्हणाली, "लीला, मी खोटं नाही सांगणार. निवृत्तीला आठ महिने राहिलेत त्यांचे. पेन्शनवर येईल."

लीलाताईंनी गॅस बंद केला. आम्हाला जा म्हणाल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत.

मुद्दा ४. आपण आपली चूक मान्य करता काय?

सदाशिवकाका त्याच संध्याकाळी आले. स्कूटर बाहेर उभी करून बराच वेळ हेल्मेट हातात धरून होते.

"मला सांगितलं होतं, डिस्क खराब निघाली की नोंद पडते, बस. कोणाला काही नाही होत," ते म्हणाले. "मला वाटलं कोरी आहे. कोरी निघाली असती तर म्हटलं असतं, मशीनची गडबड. तुझं नाव येणारच नव्हतं, तन्वी."

"खरी कुठे आहे?"

"तोडली."

आत्या आतून म्हणाली, "किती घेतलेत?"

"एक रुपया नाही घेतला." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "अनसूयाबाई, चौतीस वर्षांत कोणाचा चहा नाही घेतला मी. मार्चमध्ये गोविंदचं कंत्राट संपतं. संविदावर आहे तो. दिग्विजयसिंह एवढंच म्हणाले, साहेबांच्या लक्षात आहे गोविंद. एवढंच."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यांनी खरंच रुपया घेतला नाही. आणि माझा सगळा राग तिथेच आहे, महोदय. पैसे घेतले असते तर मी ते कुठल्या तरी रकान्यात लिहिले असते. आमदारसाहेबांनी सहा लाखांचा खर्च पुसला तो एका बापाला मुलाचं नाव ऐकवून. याला आपल्या दरपत्रकात दर नाही. त्यात समोसा आहे, झेंडूचा हार आहे, ढोल प्रतितास आहे, घोडासुद्धा आहे. चौतीस वर्षांचा माणूस प्रतिनग किती, ते लिहिलेलं नाही. चाळीस लाखांच्या मर्यादेत ते कितीही माणसं खर्च करू शकतात.

"मानवी भूल लिही," काका म्हणाले. "तू वाचशील, मी वाचेन. नाही तर दोघंही जाऊ आणि आमदारसाहेब तर तिथेच बसतील, भोपाळला. त्यात काय मिळालं?"

त्यांचं गणित बरोबर होतं. मला रात्रभर त्यात चूक सापडली नाही.

सकाळी आत्याने मला पडावला नेलं.

ध्रुव आम्हाला बघून शटर अर्धं खाली ओढू लागला. "दीदी, माझ्याकडे काही नाही. कार्ड पुसून टाकलं. लग्नांचा सीझन आहे ना यार, कार्ड खाली करावं लागतं."

आत्या स्टुलावर बसली. "तुझं निवडणुकीचं बिल पास झालं?"

"कहाँ आत्या. एक लाख चाळीस हजार अडकलेत. तीन चकरा मारल्या. म्हणतात, सत्यापन चल रहा है."

"लग्नवाले पैसे देईपर्यंत तू त्यांना पूर्ण लग्न देतोस?"

"पागल आहे का मी? ट्रेलर देतो. बाकी पेमेंट झाल्यावर."

"आणि सरकारने दमडी दिली नाही, तर सरकारचं काम मात्र पुसून टाकलंस?"

ध्रुवने शटर सोडलं. पंखा फिरत होता. जानेवारीत पंखा कशाला, असं मी विचारणार होते. त्याच्या कपाळावर घाम होता.

"वो लोग मार देंगे धंधा," तो हळू म्हणाला. "सगळ्या सभा त्यांच्याच असतात. माझं नाव आलं तर मला कोण बोलावणार?"

"तुझं नाव कशाला येईल? तू कोणाविरुद्ध काही करायचंच नाही," आत्या म्हणाली. "तू फक्त बिलाची आठवण दे. आवक खिडकीवर. 'पंधरा नोव्हेंबरला मी अमुक वेळ चित्रीकरण केले, कामाचा पुरावा सोबत जोडला आहे, देयक अदा करावे.' पोच घे. शिक्का मारून घे. गरीब माणूस आपले पैसे मागतोय, त्यात राजकारण कुठलं?"

ध्रुवने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही पहिल्यापासून अशीच आहे का?"

"रिटायर झाल्यापासून जरा नरम आहे," मी म्हणाले.

त्याने गल्ल्याखालून कापडी पिशवी काढली. आत प्लास्टिकच्या डब्यांत पंचवीस-तीस कार्डं, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी. ज्यांची बिलं बाकी आहेत ती सगळी. एकावर: १५/११, भाई दूज, ३ घंटे १० मिनट.

आपण ध्रुवचं बिल वेळेवर दिलं असतंत, महोदय, तर आज आपल्याकडे काहीच उरलं नसतं.

तर चूक. नाही, मान्य नाही. मानवी नाही, यंत्राची नाही, कुठलीच नाही. डिस्क मी बदलली नाही आणि नोंद खोटी नाही.

आधार म्हणून तीन कागद जोडत आहे. पहिला, ध्रुवच्या अर्जाची पोच, आपल्याच खिडकीच्या शिक्क्यासह. चित्रीकरण काल दुपारपासून आपल्या कार्यालयात आहे. दुसरा, मंडळाच्या भांड्यांच्या वहीतलं पान. आणि तिसरा. हा आज सकाळी लीलाताईंनी स्वतः आणून दिला. आत आल्या नाहीत. "मुदत संपायच्या आत लावा," एवढंच म्हणाल्या. निळ्या शाईत आहे, जसाच्या तसा उतरवते:

*'मी, खाली सही करणारी, अर्ज करते की आपल्या फाइलमध्ये एकतीस नंबरच्या लिफाफ्यात जी डिस्क आहे ती माझी आहे. त्यात माझ्या मुलाची मुंज आहे. त्यावरचे कुंकू मी लावलेले आहे. ती आमच्या घरातून माझे पती सदाशिवराव यांनी नेली. मला हे लिहायला कोणी सांगितलेले नाही. गोविंदला मी कळवले आहे, त्याने विरोध केलेला नाही. आपले काम झाल्यावर डिस्क मला परत मिळावी.'*

अनसूयाआत्या या मतदारसंघाची मतदार आहे. याचिका मतदारालाही करता येते. तिचे वकील कागदांची वाट बघत आहेत, आणि सतराला अजून पाच दिवस आहेत.

मुद्दा ५. आपणास व्यक्तिगत सुनावणी हवी आहे काय?

हवी आहे.

त्याच खोलीत, तोच पडदा लावून. आपण, दिग्विजयसिंह, सदाशिवराव आणि मी. आमदारसाहेबांनाही बोलावणं पाठवावं. तीन तास दहा मिनिटांचं चित्रीकरण पूर्ण दाखवावं, पुढे न सरकवता. प्रत्येक बाई येईल, ओवाळेल, डबा घेईल आणि जाईल, आणि मी मोठ्याने मोजेन. एक हजार एकशे चाळीस होईपर्यंत कोणी उठू नये. चहा मागवायचा असेल तर मागवा, तो मी लिहून घेईन.

आपली,
तन्वी
सहायक, लेखा पथक